कोष्टिणीची तपेली

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. इतकी जुनी, की तेव्हा उंदीर बोलायचे आणि माणसं कान देऊन ऐकायची.

एक नगर होतं. नगराला राजा होता, राणी होती, आणि नगराच्या मधोमध एक भलंमोठं कोठार होतं. ते कोठार राजाच्या पणजीनं बांधून घेतलेलं. ती म्हणाली होती, "माझ्या नगरात कुणाच्या चुलीवरचं भांडं रिकामं राहायला नको. म्हाताऱ्याला धान्य द्या, कुडकुडणाऱ्याला घोंगडी द्या, आजाऱ्याला औषध द्या, बाळंतिणीला बाळंतविडा द्या." सुगीला गाडीमागं एक टोपलं धान्य कोठारात पडायचं. कोष्टी लुगडी द्यायचे, गवळी तूप द्यायचे, बुरूड टोपल्या विणून द्यायचे. म्हणजे कोठाराला राजाचं कुलूप होतं, पण आतला माल सगळ्यांचाच होता. हे लोक हळूहळू विसरले. माणसाची जात विसरभोळी.

पुढं काय झालं, एक लबाड सावकार फाटकं धोतर नेसून आला आणि तुपाचा हंडा घेऊन गेला. राजाच्या बापाला राग आला. त्यानं चौकात, कोठाराच्या समोर, एक उंच धोंडा बसवला आणि दवंडी पिटली, "ज्याला काही हवं असेल त्यानं या धोंड्यावर चढायचं आणि भर बाजारात तीनदा ओरडून सांगायचं, मी लाचार आहे, मला द्या. मगच मिळेल."

आता तुम्हीच सांगा, लबाड कधी धोंड्याला अडतो का? तो मागच्या भिंतीनं जातो. अडले ते बिचारे लाजाळू.

एक बाई तेवढी एकदा चढली होती. तिची सासू तापानं फणफणली होती, औषध हवं होतं. औषध मिळालं, सासू उठून बसली. पण त्या दिवसापासून सारं नगर त्या बाईला 'धोंड्यावरची' म्हणायला लागलं. धोंड्यावरची आली, धोंड्यावरची गेली. होता होता ती म्हातारी झाली आणि तिचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तिचं बघून दुसरं कुणी चढलं नाही.

कुणी चढत नाही म्हटल्यावर राजाला काय वाटावं? राजा झाला खूश! दरवर्षी सुगी झाली की तो हत्तीवर बसायचा, ढोल वाजवायला लावायचा आणि म्हणायचा, "पाहा, आपल्या नगरात गरजू म्हणून कुणी उरलाच नाही!" आणि लोक पोटाला पदर घट्ट आवळून टाळ्या वाजवायचे.

त्या नगरात बुरूडआळीला एक बुरडीण राहत होती. नवरा देवाघरी गेलेला. घरात ती आणि तिची लेक चिमा. चिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच. लेक आली, नात झाली. नात कशी? सुपात ठेवली तर कापसाच्या वातीएवढी, पण आवाज तुतारीसारखा.

आवाज मोठा, कारण पोट रिकामं. चिमाला पान्हा फुटत नव्हता. बाळंतिणीला अळिवाची खीर हवी, डिंकाचा लाडू हवा, भाकरीवर तुपाची धार हवी, खाटेखाली शेगडी हवी. बुरडिणीच्या घरात होत्या बांबूच्या कामट्या. त्या काही शिजत नाहीत.

आळीतल्या बायांनी मात्र माया केली. शेजारची कोष्टीण काकू पितळेच्या तपेलीतून तांदळाची पेज घेऊन आली. पलीकडची तांबटीण गडूभर दूध ठेवून गेली. पेज संपली, दूध संपलं, आणि फळीवर तपेली आणि गडू शेजारी शेजारी बसून राहिले.

"आई," चिमा खाटेवरून म्हणाली, "कोष्टीण काकूंची तपेली परत द्यायची नाही का?"

"देते गं."

"कालपण देते म्हणालीस."

"रिकामी देऊ का? शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का कधी? तुला मी एवढंच शिकवलं?"

"मग त्यात गूळ घाल चिमूटभर."

"घालते हो. तू झोप."

गुळाच्या मडक्याला तळ दिसून कितीतरी दिवस झाले होते. पण हे लेकीला कोण सांगणार? बुरडीण भिंतीकडे तोंड करून बसली आणि मनात म्हणाली, 'माझी परात नाही का कोष्टीण काकूकडे पडून? धपाटी पाठवली होती मी दिव्याच्या अवसेला. तिनं कुठं परत केली? विसरली असेल. मग मी चार दिवस तपेली ठेवली तर काय बिघडलं?'

असं म्हणून ती कामट्या सोलायला बसली. तेवढ्यात दाराच्या फटीतून कुणीतरी आत शिरायला लागलं. डोकं आलं, पुढचे पाय आले, आणि पोट अडकलं.

"ओढ की गं बाई!" अडकलेली म्हणाली.

बुरडिणीनं ओढलं, तर हातात आली एक लठ्ठ, गुबगुबीत उंदरीण. अंगावर तेल चोळल्यासारखी चकाकत होती.

"बुरडीणबाई," उंदरीण मिशा पुसत म्हणाली, "मला एक पाळणा विणून हवाय. आमच्याकडे बाळंतपण आहे."

"बरं. कोणाचं?"

"लेकीचं. पण ऐसपैस विण बरं का. आमची बाळं जरा अंगानं भरलेली असतात. तूप खाऊन खाऊन लेकीचं पोटही काही लहान नाही. मी तर तिला म्हणते, पुरे कर आता ते डिंकाचं चघळणं, दात पडतील!"

बुरडिणीच्या हातातली कामटी खाली पडली. "एवढं सगळं येतं कुठून तुमच्याकडे?"

"कुठून म्हणजे? कोठारातून! नगराचं कोठार गं. तिथंच आमचं सात पिढ्यांचं घर. गूळ आहे, तूप आहे, अळीव तर पोत्यानं. माणसं काही नेत नाहीत, मग आम्ही खातो. वाया घालवायचं का अन्न?"

"पण तो धोंडा?"

उंदरीण हसता हसता आडवी झाली. "धोंडा लबाडांसाठी ठेवलाय ना? आमच्याएवढं लबाड दुसरं कोण आहे? आम्ही कधी चढलो धोंड्यावर? अगं, आम्हाला शेपूट मागं असतं म्हणून आम्ही पळतो. तुमच्या लाजेचं शेपूट पुढं लोंबतं, ते पायात अडकतं आणि तुम्ही पडता."

बुरडिणीनं खाली पडलेली कामटी उचलली.

"आता तुझ्या शेजारणीचंच बघ," उंदरीण म्हणाली. "कोष्टिणीच्या घरी आम्ही जायचंच सोडलं. काय आहे तिथं? तिच्या मडक्यात तळाला शेवटचे तांदूळ होते. माझी मोठी सून डोळा ठेवून बसली होती त्यांच्यावर. तर त्या बाईनं ते सगळे काढून पेज केली आणि पितळेच्या तपेलीत घालून कुठंतरी देऊन आली. वेडी गं वेडी!"

बुरडिणीनं फळीकडे पाहिलं. तपेली तिथंच होती. आपली परात कोष्टिणीकडे का पडून होती, हे तिला तेव्हा कळलं. विसरली नव्हती ती. तिच्याकडेही परातीत घालायला काही नव्हतं.

सुपातली नात पुन्हा रडायला लागली. रडून रडून तिचा आवाजही आता बारीक झाला होता, आणि त्याचीच बुरडिणीला जास्त भीती वाटली.

ती उठली. पदर खोचला. तपेली उचलली.

"आई, कुठं निघालीस?" चिमानं विचारलं.

"धोंड्यावर."

चिमा ताडकन उठून बसली. "नको आई! बारशाला माझी सासू येणार आहे, नणंद येणार आहे. त्यांच्या कानावर गेलं तर? जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. धोंड्यावरचीची लेक म्हणतील मला!"

"म्हणू देत. पण म्हणवून घ्यायला तू आणि ही पोर जगायला हव्यात की नाही?"

उंदरीण मागून ओरडली, "पाळण्याचं विसरू नकोस हं!"

बाजाराचा दिवस होता. चौकात माणूस मावत नव्हता. माळणी भाजी विकत होत्या, तांबट भांडी ठोकत होते, कोष्टीण काकू लुगड्यांचा ढीग घेऊन कोपऱ्यात बसली होती. बुरडीण धोंड्यापाशी पोचली आणि मान वर करून बघायला लागली. धोंडा जवळून फारच उंच दिसत होता.

धोंड्याच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. तीच, धोंड्यावरची. दुसरीकडे कुठं तिला कुणी बसू देत नसे. तिनं बुरडिणीकडे पाहिलं, तपेलीकडे पाहिलं, आणि ती सगळं समजली.

"चढ पोरी," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर हात ठेव. वर वारा छान लागतो."

बुरडीण चढली.

सगळा बाजार थबकला. तांबटांचे हातोडे थांबले. कोठाराच्या दारातला कोठीवाला ओट्यावर पेंगत होता, तो दचकून उठला. त्याच्या अख्ख्या नोकरीत त्यानं धोंड्यावर कुणाला पाहिलं नव्हतं.

"बोल, काय ते बोल," तो म्हणाला. "तीनदा बोलायचं. मोठ्यानं."

बुरडिणीनं तोंड उघडलं. "मी ला..." म्हणाली आणि गळा बंद झाला. पुन्हा म्हणाली, "मी..." पुढं शब्दच येईना. कुणीतरी खुदकन हसलं. तिची नजर खाली गेली, हातातल्या तपेलीवर. आणि बाळांनो, माणसाचं कसं असतं बघा. स्वतःसाठी मागायला जो गळा दाटतो, तोच दुसऱ्यासाठी घंटेसारखा वाजतो.

"ही तपेली माझी नाही!" ती खणखणीत म्हणाली. "ही कोष्टीण काकूची आहे. नगराला लुगडी नेसवते ती, आणि तिच्या मडक्यात दाणा नाही. शेवटचे तांदूळ होते ते तिनं माझ्या लेकीला पेज करून घातले. मला तिची तपेली रिकामी परत करायची नाही. तिला द्या!"

मग कोपऱ्यातून लुगड्यांचा ढीग उडाला आणि कोष्टीण काकू उभी राहिली. लालबुंद झाली होती.

"अगं ए बुरडिणी! माझ्या घराची अब्रू वेशीला टांगतेस काय? उतर खाली!"

"नाही उतरत!"

"उतरत नाहीस? थांब, मीच येते वर!"

आणि कोष्टीण काकू खरंच वर आली. कासोटा मारला, म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि चढली. दोघी एकाच धोंड्यावर उभ्या, नाकाला नाक लावून.

"माझं सांगतेस काय?" काकू कडाडली. "मग मीही तुझं सांगते! ऐका हो! हिच्या घरी ओली बाळंतीण आहे. तुपाचा थेंब नाही, शेगडीला कोळसा नाही. तान्ही पोर उपाशी रडते, मला भिंतीपलीकडे ऐकू येतं, माझी झोप उडते! आणि ही बया कुणाला सांगत नाही. हिला आधी द्या!"

"आधी तिला!"

"गप्प बस! बाळंतिणीला आधी!"

"मग माझी परात का नाही परत केलीस इतके दिवस?"

"काय घालून परत करू? तुझं डोकं?"

मग कोष्टिणीच्या ओठाचा कोपरा हलला. बुरडिणीला हुंदका आला की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि धोंड्यावरून पडता पडता वाचल्या. खालून म्हातारी ओरडली, "अगं, जपून! माझ्या डोक्यावर पडाल!"

तेवढ्यात गर्दीतून तांबटीण पुढं आली. "माझा गडू बुरडिणीकडे आहे, तो राहू दे. पण माझ्या घरी माळणीचं पातेलं अडकलंय. तिच्या म्हाताऱ्याला दिसत नाही, वैद्याचं अंजन हवंय. ती नाही सांगायची, मी सांगते!"

"तू माझं सांगतेस?" माळीण उसळली. "अन् तुझ्या सासूला घोंगडी नाही ते?"

मग काय विचारता! जो तो दुसऱ्याचं सांगायला पुढं. कुणाची वाटी कुणाकडे, कुणाचा तांब्या कुणाकडे. साऱ्या नगराची भांडी भलत्याच घरात जाऊन बसली होती, कारण रिकामं परत करायचं नाही आणि भरायला कुणाकडे काही नाही. चौकात असं कडाक्याचं भांडण पेटलं, पण शिवी एकही नाही. भांडण कशाचं, तर आधी तिला द्या, आधी त्याला द्या. उन्हात भांडता भांडता लोक हसायला लागले, आणि ज्यानं त्यानं धावत जाऊन घरात अडकलेली भांडीही आणली.

कोठीवाला डोकं धरून बसला. "असा नियम नाही! मी लाचार आहे, असं म्हणायला हवं!"

"तीनदा म्हणायचं, ते झालं की!" कोष्टीण काकू वरून म्हणाली. "हिनं म्हटलं, मी म्हटलं, तांबटिणीनं म्हटलं. आमच्या आळीचं तर तीनदा पुरं झालं!"

गलका राजवाड्यात पोचला. राजाला वाटलं शत्रू आला. तो तलवार घेऊन निघाला, मागून राणी निघाली. चौकात येऊन बघतो तर धोंड्यावर दोन बायका, खाली हजारो माणसं, आणि सगळ्यांच्या हातात रिकामी भांडी.

"हे काय?" राजा म्हणाला. "इतके लोक गरजू? आणि मी तर दरवर्षी..."

"तुम्ही दरवर्षी ढोल वाजवता," राणी म्हणाली. "ढोलाच्या आवाजात पोटाचा आवाज ऐकू येत नाही."

राजा कान धरून मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "पण तुम्ही आधी का नाही मागितलं?"

बुरडीण खाली उतरली. हात जोडले, पण मान ताठ ठेवली. "महाराज, रागावू नका. आत जी टोपली आहे ती मी विणलेली. त्यातलं लुगडं ह्या काकूनं विणलेलं. दाणे शेतकऱ्यांचे, तूप गवळ्यांचं. आमचंच आम्हाला न्यायला आधी आम्ही लाचार आहोत असं ओरडायचं, हे काही घशातून उतरेना. म्हणून आम्ही उपाशी राहिलो आणि तुमचे उंदीर जाडे झाले."

राजाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यानं आपल्या हातानं कुलूप काढलं. दार उघडलं, तशी आतून उंदरांची फौज चौखूर पळाली, आणि पोटं मोठी म्हणून पावलागणिक अडखळत गेली. बाजार पोट धरधरून हसला.

बुरडिणीनं आधी तपेली तांदळानं भरून कोष्टीण काकूच्या हातात दिली. मगच बाळंतविडा घेतला. घरी जाऊन अळिवाची खीर केली, शेगडी पेटवली. सूर्य मावळायच्या आत चिमाला पान्हा फुटला. नातीचं रडणं थांबलं, तेव्हा भिंतीपलीकडून कोष्टीण काकूचा आवाज आला, "हुश्श! आज झोप लागेल एकदाची!"

दुसऱ्या दिवशी राजानं धोंडा उपटला आणि आडवा करून कोठाराच्या दारातल्या पिंपळाखाली टाकला, दमल्याभागल्यानं बसावं म्हणून. तिथं पहिल्यांदा बसवलं ते त्या म्हातारीला. राणीनं तिला विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?"

म्हातारीनं पदर सावरला. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मग लाजून म्हणाली, "केवडा."

आणि नवी दवंडी गेली गल्लोगल्ली. "कोठार उघडं आहे हो! स्वतःसाठी या, शेजाऱ्यासाठी या. ज्याला चालवत नाही त्याचं भांडं आम्ही नेऊ आणि भरून आणू!" लोक नेऊ लागले. आणि ज्याचे दिवस पालटले, तो कोठाराचं भांडं रिकामं परत करीना. कुणी मूठभर तीळ घालायचं, कुणी दोन लिंबं, कुणी नुसतीच अंगणातली फुलं. त्यामुळे कोठार जेवढं वाटलं जायचं तेवढंच भरायचं.

बारशाला चिमाची सासू आली, नणंद आली. सासूनं चौकातली हकिगत वेशीवरच ऐकली होती. ती बुरडिणीसमोर येऊन उभी राहिली. चिमाचा जीव खालीवर झाला. सासू म्हणाली, "विहीणबाई, आमच्याही आळीत एक म्हातारा आहे, त्याला घोंगडी हवी आहे. कुठं सांगायचं असतं हो?"

मग आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव ठेवलं केवडा. पिंपळाखालच्या आजीनं पाळण्याची दोरी धरली आणि ती इतकी हसली, की तिच्या तोंडात दात किती उरलेत ते साऱ्या आळीला दिसलं.

आणि हो, ती उंदरीणही आली होती. या वेळी दाराच्या फटीतून सरळ आत आली, कुठं अडकली नाही. पोट आत गेलेलं.

"बुरडीणबाई," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "तो पाळणा जरा लहानच विण."

म्हणून बाळांनो, ध्यानात ठेवा: मागणाऱ्याची मान खाली जाईल असं दार बांधू नये, आणि शेजाऱ्याची भूक बोलून दाखवायला कधी लाजू नये.